परकी भाषा शिकवताना मराठीचा आधार घेतो, हे अर्जात लिहावे का?

प्रश्न (राजारामपुरी, कोल्हापूर)
सर्वांना नमस्कार. मी गेली नऊ वर्षे संध्याकाळच्या वर्गात जर्मन शिकवते. एका महाविद्यालयातील जागेच्या अर्जासोबत ‘माझी शिक्षणविषयक भूमिका’ असे एक पानी टिपण द्यायचे आहे. माझ्याकडे शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतील तरुण अभियंते येतात, तशाच कागल-हातकणंगल्याकडून जर्मनीत परिचारिका म्हणून जाऊ इच्छिणाऱ्या मुलीही येतात. सुरुवातीला मी व्याकरण इंग्रजीतून समजावत असे आणि केवळ इंग्रजी कच्चे म्हणून हुशार मुले मागे पडत. त्याची सल मला अजून आहे. आता मी मराठीतूनच समजावते. हे लिहिले तर निवड समितीला ते मागासलेपणाचे वाटेल का?

उत्तर १
मॅडम, अवश्य लिहा. मात्र ‘मातृभाषेचा आधार’ असे मोघम न लिहिता वर्गातले दाखले द्या. निर्जीव वस्तूंच्या नामांनाही लिंग असते, हे इंग्रजीच्या वाटेने येणाऱ्याला आधी पटवावे लागते. आपला विद्यार्थी मात्र ‘तो चमचा, ती सुरी, ते ताट’ म्हणतच मोठा झालेला असल्यामुळे जर्मनमध्ये चमचा पुल्लिंगी, काटा स्त्रीलिंगी आणि सुरी नपुंसकलिंगी असते असे कळल्यावर त्याला नवी वाटते ती फक्त वाटणी. मुलीसाठीचा ‘मेड्शन’ हा शब्द नपुंसकलिंगी आहे याचेही, घरोघरी ‘ते पोरगं’ ऐकणाऱ्याला, नवल वाटत नाही. ‘मिर इस्ट काल्ट’ म्हणजे ‘मला थंडी वाजते’. यातल्या ‘मला’ची चतुर्थी जर्मनमध्ये जशीच्या तशी आहे, तर इंग्रजीवरून रचणारा हमखास ‘मी थंड आहे’ असे म्हणून बसतो. ज्या संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला, तेथील शिक्षिकेने ‘माझ्या वर्गाचे दार कोणासाठी बंद राहत होते’ हे लिहिण्यात मागासलेपणा कसला?

उत्तर २
वरील मताशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे, परंतु साम्य फसवतेही. जर्मन गौण वाक्यात क्रियापद शेवटी येते म्हणून मराठी विद्यार्थी खुश होतो आणि मुख्य वाक्यातही ते शेवटीच ठेवतो, जेथे ते दुसऱ्या स्थानी हवे. संबोधनाचेही तेच: ‘झी’ म्हणजे ‘तुम्ही’ एवढेच सांगितले तर आजोबांना तेथील नातवंडे ‘डू’, म्हणजे ‘तू’, म्हणतात हे कळत नाही. शिवाय २००१ मध्ये प्रसिद्ध झालेली युरोपीय भाषा-चौकट विद्यार्थ्याला त्या भाषेत काय करता येते हे पाहते, आणि परिचारिकांकडून तेथे साधारणपणे बी-२ पातळीची (या चौकटीतील ए-१ ते सी-२ अशा सहा पातळ्यांपैकी चौथी) अपेक्षा असते. म्हणून मराठी कोठे थांबवता, हेही टिपणात स्पष्ट असावे.

उत्तर ३
मी इचलकरंजीची असून सध्या जर्मनीत एका रुग्णालयात काम करते. व्याकरण मला मराठीतून कळले, पण धीर आला तो आमच्या सरांनी चुकीचे वाक्यही पूर्ण होईपर्यंत मध्येच न थांबवता ऐकून घेतल्यामुळे. पहिल्याच आठवड्यात एका आजींना ‘कोठे दुखते?’ असे विचारले आणि त्यांचे बोलीतले उत्तर कळले नाही, तेव्हा ‘कृपया सावकाश सांगा’ असे म्हणण्याचा संकोच वाटला नाही. टिपणात चुकांविषयीही लिहावे, अशी विनंती.

प्रश्नकर्ती
आपणा सर्वांची आभारी आहे. सुरुवात ‘मला थंडी वाजते’ या वाक्यापासूनच करते. ए-१ ही पहिली पातळी संपताना सूचना आणि गप्पा पूर्णपणे जर्मनमध्ये होतात आणि मराठी फक्त अडलेल्या नियमापुरती उरते, हे लिहायचे राहूनच गेले असते. चुकांबद्दलचा परिच्छेद आज रात्री लिहून येथे टाकते. कृपया तपासून द्यावा.