शेल स्क्रिप्ट साध्या एसएचमध्येच लिहावी, बॅशमध्ये नको

जी शेल स्क्रिप्ट (शेल या प्रोग्रॅमने चालवायच्या कमांडची फाइल) दुसऱ्याच्या मशीनवर जाणार ती साध्या एसएचमध्येच, म्हणजे अशा सगळ्या शेलना समजणाऱ्या मूळ भाषेत लिहावी, बॅश या जास्त सोयींच्या शेलसाठी नको, असं माझं ठाम मत आहे. मागच्या महिन्यात इको (मजकूर छापणारी कमांड) हायफन-ई या ऑप्शनसह वापरून कॉन्फिग फाइल बनवणारी स्क्रिप्ट सर्व्हरवर टाकली, माझ्या फेडोरा लिनक्सच्या लॅपटॉपवर मस्त चालायची पण सर्व्हरच्या उबुंटू लिनक्सवर सर्व्हिस काही केल्या उठेना, शेवटी रात्री दोनला फाइल उघडून बघितली तर पहिल्याच ओळीच्या सुरुवातीला '-ई' छापलेलं. फेडोरात एसएच या नावाने बॅशच चालतो, उबुंटूत मात्र २००६ च्या ६.१० आवृत्तीपासून त्या जागी डॅश हा छोटा शेल आहे आणि डॅशचा बिल्ट-इन इको हायफन-ईला ऑप्शन मानतच नाही, मजकूर समजून छापतो. इकोऐवजी प्रिंटएफ वापरला असता तर दोन्हीकडे तेच आउटपुट आलं असतं.

प्रतिसाद १: असहमत. यात बॅशचा काय दोष? कुठला शेल वापरायचा हे सांगणाऱ्या पहिल्या ओळीत बिन-एसएच लिहिलंत आणि खाली बॅशच्या सवयीने टाइप केलंत. सरळ बिन-बॅश लिहा ना! नावात स्पेस असलेल्या दहा फाइली सांभाळायच्या तर ॲरे (एका नावाखाली ठेवलेली यादी) लागतो, डॅशमध्ये ॲरेच नाही, मग कोट्सची कसरत करत बसा आणि एक कोट चुकला की आरएम (फाइल डिलीट करणारी कमांड) भलतीच फाइल उडवणार.

प्रतिसाद २: बॅश तिथे असेल तर ना! अल्पाइन या छोट्या लिनक्सच्या कंटेनरात (ॲप चालवायच्या बंदिस्त जागेत) तो आधीपासून नसतोच, बिझीबॉक्स या छोट्या कमांडसंचाचा ॲश शेल असतो. मॅकवर आहे पण ३.२ आवृत्ती, असोसिएटिव्ह ॲरे (आकड्याऐवजी नावाने शोधता येणारे) आले ४.० मध्ये. आणि सगळ्यात घातक म्हणजे इफच्या अटीतले बॅशचे दुहेरी चौकटी कंस, डॅश 'नॉट फाउंड' म्हणतो पण थांबत नाही, सरळ एल्समध्ये शिरतो, सेट हायफन-ई (चूक झाली की स्क्रिप्ट थांबवणारं) लावलेलं असलं तरी, कारण ती इफची अट आहे.

प्रतिसाद ३: मॅकवाल्यांनो, २०१९ च्या कॅटालिना आवृत्तीपासून टर्मिनलमध्ये झेडएसएच हा वेगळा शेल आहे हे विसरू नका. तिथे ॲरे १ पासून मोजतात, बॅशमध्ये ० पासून. रीड (उत्तर वाचून घेणारी कमांड) हायफन-पी बॅशमध्ये प्रश्न दाखवतो, झेडएसएचमध्ये 'नो कोप्रोसेस' म्हणून ओरडतो. टर्मिनलमध्ये चाललं म्हणून स्क्रिप्टमध्ये चालेलच असं धरू नका.

प्रतिसाद १: अल्पाइनचा मुद्दा मान्य. पण बॅश तिथे एका ओळीत इन्स्टॉल होतो, त्यासाठी मी ॲरे सोडणार नाही.

धागाकर्ता: इन्स्टॉल करायचा हक्क असेल तर. आमच्या क्लायंटच्या सर्व्हरवर मला तो हक्क नाही, म्हणून मी आता प्रत्येक स्क्रिप्ट पाठवण्याआधी डॅशमध्ये चालवून बघतो.