बजाजने स्कूटर सोडली ती दूरदृष्टीअभावीच का?

स्कूटरचे उत्पादन थांबवण्याचा बजाज ऑटोचा २००९चा निर्णय म्हणजे निव्वळ दूरदृष्टीचा अभाव होता, हे मत मला अर्धेच पटते. नंबर लावून वर्षानुवर्षे थांबायचे आणि गाडी हाती आल्यावर सकाळी ती एका बाजूला कलती करून किक मारायची, एवढे सोसणाऱ्या, बजाजच्या चेतक या स्कूटरच्या ग्राहकापुढे फारसा पर्यायच नव्हता. तो मिळताच लोक मोटारसायकलकडे वळले आणि २००१ मध्ये आलेल्या पल्सर या मोटारसायकलने बजाजला त्या बाजारात स्वतःची ओळख मिळवून दिली. त्यामुळे सारी ताकद मोटारसायकलवर एकवटावी हा कंपनीचे व्यवस्थापकीय संचालक राजीव बजाज यांचा आग्रह तर्काला धरूनच होता, जरी त्यांचे वडील राहुल बजाज यांनी त्याबद्दलची खंत जाहीरपणे बोलून दाखवली होती (वडील-मुलातला मतभेद इतक्या उघडपणे आपल्याकडे क्वचितच मांडला जातो).

माझ्या मते चूक झाली ती निदानात. मागणी आटली होती ती गिअरच्या स्कूटरची. विनागिअर अ‍ॅक्टिव्हा ही होंडाची स्कूटर मात्र घरातल्या कोणालाही चालवता येत असल्याने खपतच राहिली. बजाजने क्रिस्टल ही विनागिअर स्कूटर आणून पाहिली होती, पण चिकाटी दाखवली नाही. २०२० मध्ये चेतक विजेवर परतली, आणि तीही विनागिअरच.