फेब्रुवारीत मालदीवला बोनफिशसाठी चाललोय, इथे सराव कशाचा करू?

केळीवाला_चोपडा
राम राम मंडळी. आम्ही चौघे अमळनेरला एका बाकावर शिकलो. आता एक दुबईला, एक पुण्याला, एक जळगावात आणि मी चोपड्याला केळीत. फेब्रुवारीत मालदीवच्या फ्लॅट्सवर, म्हणजे उथळ समुद्रातल्या वाळूच्या पट्ट्यांवर, बोनफिश या चपळ चंदेरी माशासाठी जायचं पक्कं झालंय, तेही फ्लाय रॉडनेच. तापीत गळ टाकायला मी लहानपणापासून जातो. मरळ, कटला, रोहू सगळं काढलंय. पण फ्लाय म्हणजे आकड्यावर बांधलेलं हलकं नकली आमिष; त्यात वजन आमिषाला नाही, दोरीला. ती हवेत नीट उलगडली तरच फ्लाय पुढे जाते. दुबईवाल्याने ८ नंबरचे नऊ फुटी दोन रॉड घेतलेत आणि तो म्हणतो, ८० फूट फेक आलीच पाहिजे. माझी ५० फुटांपर्यंत सरळ पडते, पुढे गुंता होतो. वाटाडे दोनच मिळणार आहेत, मग चौघांची वाटणी कशी करावी?

साक्रीकर
भाऊ, ८० फुटांचा नाद सोडा. बहुतेक बोनफिश ३० ते ६० फुटांतच मिळतात, त्यामुळे तुमचे ५० फूट भरपूर झाले. फक्त ते वाऱ्यात आणि झटपट पडले पाहिजेत. मासा दिसला की तो चालतच असतो. तुम्ही पाच-सहा वेळा दोरी झुलवत बसलात तर तो निघून जातो. एक-दोन झुलीत फ्लाय पाण्यावर हवी. आमच्याकडे ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या आहेत, म्हणजे वारा काय असतो ते कळलं असेल. मी तिथेच हात बसवला. मोकळ्या गवतावर पत्रावळ दगडाने दाबून ठेवायची, दर वेळी वेगळ्या दिशेला, आणि वळून लगेच फेकायचं. फ्लायचा आकडा वळणापाशी कापून टाका. डोळ्यावर चष्मा, डोक्यावर टोपी हवीच.

दुसरी गोष्ट हाताच्या सवयीची आहे आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. मरळीला आपण काठी वर झटकतो. बोनफिशला तसं करायचं नाही. रॉडचं टोक पाण्याकडे ठेवून डाव्या हाताने दोरी लांब ओढायची, म्हणजे स्ट्रिप स्ट्राइक. ओढ चुकली तरी फ्लाय त्याच्या समोरच राहते आणि तो पुन्हा तोंड घालू शकतो. रॉड उचलला तर ती पाण्यातून उडून जाते. लागला की पायाशी पडलेली दोरी सुरळीत निघून जाऊ द्या, बोटं अडकवू नका. मग रील बोलू लागतं; एका धावेत शंभर मीटर नेणारा मासा आहे, बॅकिंग (मुख्य दोरीमागे रीलवर गुंडाळलेली बारीक दोरी) भरपूर ठेवा.

वाटणीचं म्हणाल तर जोड्या करा. एकाच्या हातात रॉड, दुसरा त्याच्या खांद्याशी उभा राहून फक्त बघणार. मासा सोडला किंवा निसटला की अदलाबदल. बोनफिशचे खवले आरशासारखे असतात, तळाचा रंग घेतात. मासा दिसत नाही, वाळूवर सरकणारी सावली दिसते. ऊन पाठीशी घ्या, तांबूस काचेचा पोलराइज्ड चष्मा घाला आणि दोघांनी मिळून शोधा. चार डोळ्यांनी जे सापडतं ते एकट्याला सापडत नाही. मित्रांबरोबर जाण्यातला खरा आनंद मला तरी यातच मिळाला.

एरंडोलचा_भोई
भो, एक मनापासून विचारतो. एवढे पैसे घालून जायचं आणि मासा सोडून द्यायचा? आमच्या घरात पागेर (फेकायचं जाळं) टाकून पोट भरलेलं, म्हणून पटत नाही.

साक्रीकर
दादा, तुमचा प्रश्न रास्त आहे. तुमच्या पागेरात आलेला मासा घरी जातोच, त्यात गैर काही नाही. बोनफिश काटेरी असतो आणि त्या उथळ पाण्यात तो जिवंत राहिला तरच पुढच्याला दिसणार. म्हणून सोडायचा, पण नीट सोडायचा: आकड्याचा काटा पक्कडीने दाबलेला, हात ओले, मासा पाण्यातच. वाळूवर ओढायचा नाही. दमलेला मासा शार्क चटकन धरतो, म्हणून फार वेळ झुंजवायचाही नाही.

भुसावळ_जंक्शन
सामानाबद्दल थोडं. रॉड मध्यम चालेल, दोरी मात्र उष्ण प्रदेशासाठी बनवलेलीच घ्या. थंड पाण्यातली दोरी तिथल्या उन्हात मऊ पडते आणि रिंगांना चिकटते. लीडर, म्हणजे दोरीपुढचा पारदर्शक धागा, नऊ ते बारा फूट, टोकाला १२ ते १६ पौंडी फ्लुरोकार्बन. फ्लाय क्रेझी चार्ली आणि गॉचा या प्रकारच्या, फिक्या रंगातल्या. गुडघ्याखालच्या पाण्याला फ्लायचे डोळे मण्यांच्या साखळीचे, खोल असेल तर शिशाचे. रोज संध्याकाळी रॉड-रील गोड्या पाण्याने धुवा. कडक तळव्याचे बूट घाला आणि पाय घसटत चाला म्हणजे वाळूतला स्टिंगरे आधीच सरकतो. विषारी स्टोनफिशचा काटा लागला तर सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवायचा आणि डॉक्टर गाठायचा.

सराव पाण्यावर करायचा असेल तर हतनूर किंवा वाघूर बरं. धरणावर मच्छीमार सोसायटीचा ठेका असतो, आधी त्यांना विचारा. चिलापी छोट्या फ्लायवर येते, ओढण्याची सवय तिच्यावरच लावा.

केळीवाला_चोपडा
खूप आभार. जोडीचं आजच तिघांना कळवलं. एकच शंका: वारा उजव्या खांद्यावर असला की फ्लाय कानाजवळून जाते. मी उजवखोरा आहे.

साक्रीकर
तशा वेळी माशाकडे पाठ करून उभे राहा, पुढची फेक उलट्या दिशेला करा आणि मागे जाणाऱ्या दोरीनेच फ्लाय माशाकडे सोडा. म्हणजे वारा तुमच्या डाव्या बाजूने येतो आणि दोरी उजव्या बाजूला, वाऱ्याच्या पलीकडे राहते. पत्रावळीवर आधी ३० फुटांवर बसवा, मग वाढवा. आणि भरतीचं वेळापत्रक वाटाड्याला आताच विचारून ठेवा. तिथे पाणी जेमतेम मीटरभर चढतं-उतरतं, पण भरती चढू लागली की मासे फ्लॅटवर येतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाण्याला ओढ जास्त, अष्टमीच्या भांगात, म्हणजे लहान भरतीत, कमी. तारखा हलवता येत असतील तर हे बघूनच तिकिटं काढा.