यताई म्हणजे इझाकाया नव्हे

जपानमधली यताई म्हणजे रस्त्यावरचा इझाकायाच का, असा प्रश्न पडतो; उत्तर नाही असं आहे. इझाकाया म्हणजे दारूसोबत खाणं देणारा जपानी गुत्ता, तो पक्क्या जागेत असतो. यताई ही चाकांवरची खाण्याची गाडी, संध्याकाळी उभी राहते आणि पहाटेपूर्वी आवरून नेतात. ती बघायची तर टोकियोपेक्षा फुकुओका शहर गाठा. तिथल्या नाकासू भागात नदीकाठी ओळच लागते. आठ-दहा जणांपुरती जागा, त्यामुळे शेजाऱ्याशी बोलणं आपोआप सुरू होतं. डुकराच्या हाडांच्या रश्शातलं रामेन घ्या, नूडल्स संपत आल्या की रस्सा राखून ‘काएदामा’ म्हणा, नुसत्या नूडल्स पुन्हा मिळतात. (शाकाहारींनी ओदेनमधला, म्हणजे रश्शात शिजवलेल्या पदार्थांतला, मुळाही विचारून घ्यावा, रस्सा बहुधा माशाचा असतो.)

मला सर्वात मोलाचा वाटतो तो २०१३ चा शहराचा यताई कायदा. त्याआधी परवाना जवळच्या कुटुंबीयांपलीकडे जात नसे, म्हातारा मालक थकला की गाडीही संपायची. आता खुल्या निवडीतून नवे लोक येतात, म्हणून ही गोष्ट अजून जिवंत आहे.

गेलात तर खाऊन झाल्यावर रेंगाळू नका, मागे माणसं ताटकळत असतात.