आईवडील वेगळे होतायत, मुलगा म्हणतो देव ऐकतच नाही. तरुण संघात त्याला कसं सांभाळायचं?

तरुणसंघ_ताई
सर्वांना सलाम. मी आमच्या चर्चच्या तरुण संघात मदत करते, नोकरी सांभाळून जमेल तसं. संघात एक १६ वर्षांचा मुलगा आहे, लहानपणापासून संडे स्कूलमध्ये वाढलेला, उपासनेत गिटार वाजवतो, वचनं तोंडपाठ. त्याचे आईवडील वेगळे होतायत, वडील घर सोडून गेलेत आणि परत येतील असं काही दिसत नाही. परवा मीटिंग संपली, सगळे गेले, हा तिथेच थांबला आणि म्हणाला ताई, मी रोज रात्री प्रार्थना केली, उपास केला, तरी पप्पा गेलेच, मग देव ऐकत नाही की तो नाहीचे, दोन्हीतलं एक काय ते सांगा. मी त्याच्याजवळ बसून राहिले, उत्तर दिलं नाही. जाताना म्हणाला हे कोणाला सांगू नका.

त्याची १४ वर्षांची बहीण अगदी उलट, प्रत्येक मीटिंगला पहिली हजर, आईला धीर देते, घरातलं सगळं बघते, एकदाही रडलेली कोणी पाहिली नाहीये, आणि सगळे तिचं कौतुक करतात की बघा किती विश्वास आहे पोरीचा.

आता दृढीकरणाचा (मुलं आपला विश्वास स्वतः सर्वांसमोर कबूल करतात त्या विधीचा) वर्ग सुरू होणारे, त्याचं नाव यादीत आहे. त्यात चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचांपैकी एकदोघं म्हणतायत की घरात असं चाललंय तर त्याला थोडे दिवस गिटारवरून बाजूला ठेवा. मला त्याला गमवायचं नाहीये, म्हणजे चर्चमधून म्हणतच नाही, मला तो आतून तुटायला नकोय. अनुभवी लोकांनी प्लीज सविस्तर सांगा.

जुना_सेवक
ताई, तुम्ही उत्तर दिलं नाहीत हे योग्यच झालं. बायबलात सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे मित्र आले तेव्हा सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, एक शब्द बोलले नाहीत, आणि तेवढंच त्यांचं चांगलं होतं, तोंड उघडलं तिथून सगळं बिघडलं आणि शेवटी देवच त्यांना रागावला. मी आयुष्यभर मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, काम केलंय आणि संकटातल्या मुलांना सगळ्यात जास्त जखमा घाईघाईच्या सांत्वनाने होतात हे पाहिलंय. "देवाची काहीतरी योजना असेल" हे वाक्य तर कृपा करून कोणी त्याला म्हणू नका. लोक बायबलातल्या, भावांनी विकलेल्या योसेफाचं उदाहरण देतात, तुम्ही वाईट योजलं पण देवाने चांगलं केलं. अहो पण ते वाक्य योसेफ स्वतः म्हणाला, बापाच्या मृत्यूनंतर, उत्पत्ती या पुस्तकातली वयं जोडून पाहिली तर साधारण ५६ व्या वर्षी. भावांनी विकला तेव्हा तो १७ चा होता, तुमच्या मुलापेक्षा एकच वर्षाने मोठा. खड्ड्यात पडलेला असताना वरून कोणी त्याला हे ऐकवलं नव्हतं. मधली ३९ वर्षं आपण त्या पोराकडून एका संध्याकाळी मागतो.

त्याच्या हातात बायबलातली स्तोत्रं द्या. दीडशेपैकी साधारण एक तृतीयांश विलापाची आहेत, आपण उपासनेत बहुतेक स्तुतीचीच घेतो त्यामुळे मुलांना वाटतं की देवाजवळ तक्रार करणं म्हणजे विश्वास सुटला. १३ वं सुरूच होतं "हे परमेश्वरा, कुठवर" असं, आणि ८८ वं तर शेवटपर्यंत उजाडतच नाही, अंधारातच संपतं, तरी ते पवित्र शास्त्रात ठेवलंय. त्याला म्हणा, तू मला जे बोललास ते इथे आधीच कोणीतरी देवाला बोलून ठेवलंय. त्याला वाटलं तर स्वतःचं एक लिहू दे, गिटार वाजवतो म्हणता तर चालही लावेल. शेवट गोड करायला लावू नका.

आणि एक गोष्ट मात्र तो विचारेल न विचारेल, स्वतःहून सांगा: हे तुझ्यामुळे झालेलं नाही. बायबलात यहेज्केल १८ मध्ये स्पष्ट आहे की मुलगा बापाच्या पापाचा भार वाहणार नाही. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी विचारलं कोणी पाप केलं, याने की याच्या आईबापांनी, तेव्हा येशूने दोन्ही नाकारलं, योहान ९. मंडळीत हाच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत कुजबुजला जातो आणि मुलांच्या कानावर जातोच. पंचांनाही हे वचन वाचायला द्या, मी सांगितलं म्हणून द्या.

समुपदेशन_करते
मी किशोरवयीन मुलांचं समुपदेशन करते, ख्रिस्ती आहे. जुना_सेवक म्हणतात ते मान्य, पण काही व्यावहारिक गोष्टी राहतायत त्या लिहिते.

"कोणाला सांगू नका" याला सरळ हो म्हणू नका. त्याला सांगा की तू बोललेलं मी चर्चमध्ये पसरवणार नाही, प्रार्थनेचा विषय म्हणून सुद्धा नाही (हे फार होतं, प्रार्थनेच्या नावाखाली घरातली गोष्ट सगळीकडे जाते), पण तुझ्या जिवाला धोका असेल, तू स्वतःला इजा करशील असं वाटलं किंवा कोणी तुला मारत असेल, छळत असेल तर मी गप्प बसणार नाही, योग्य माणसाला सांगेन आणि शक्यतो तुला आधी सांगून. हे आत्ताच बोलून घ्या, नंतर बोललात तर त्याला दगा वाटेल.

दुसरं, त्याला थेट विचारा की जगू नये असं वाटतं का, मरायचे विचार येतात का. लोक घाबरतात की विचारल्याने विचार डोक्यात घातला जाईल, तसं होत नाही, उलट बोलायला जागा मिळते. हो म्हणाला तर त्याला त्या दिवशी एकटं सोडायचं नाही, आई किंवा घरातलं सुरक्षित मोठं माणूस आणि डॉक्टर, त्याच दिवशी. प्रार्थना करा जरूर पण डॉक्टरऐवजी नको. नाही म्हणाला तरी झोप, जेवण, शाळेतले मार्क, चिडचिड याकडे लक्ष ठेवा, मुलग्यांमध्ये दुःख बरेचदा रागासारखं दिसतं. आणि घरात मारहाण किंवा लैंगिक छळ असं काही कळलं तर कुटुंबात "समेट" करायला जाऊ नका, वडीलमंडळींची बैठक तर अजिबात नको, कायद्याने ज्यांना कळवायचं त्यांना कळवा. क्षमा हा विषय त्या वेळी मुलासमोर काढूच नका.

एकांतात भेटणं टाळा, म्हणजे बोलणं खाजगी असू दे पण जागा अशी की दुसरं मोठं माणूस बघू शकेल. चॅटिंग करत असाल तर अजून एका लीडरला माहीत असू दे. यात त्याचंही रक्षण आहे आणि तुमचंही.

मला खरी काळजी बहिणीची वाटते. आईला धीर देणारी, न रडणारी १४ वर्षांची मुलगी ही विश्वासात पुढे गेलेली मुलगी आहे असं आपण धरून चालतो, पण बरेचदा ती घरातली मोठी बाई झालेली असते कारण ती जागा रिकामी पडली. तिचं कौतुक झालं की ती अजून घट्ट होते. आईला कोणीतरी मोठ्या बाईने आधार द्यायला हवा म्हणजे मुलीच्या खांद्यावरचं उतरेल. तुमच्या मंडळीत अशी कोणी आहे का बघा, हे मुलीशी बोलण्याइतकंच महत्त्वाचं आहे.

तेव्हाची_ती_मुलगी
वरचं शेवटचं वाचून डोळे भरून आले, कारण मी ती बहीण होते. आमच्या घरी दारू होती. मी चर्चमध्ये साक्ष द्यायचे, म्हणजे देवाचा अनुभव सर्वांसमोर सांगायचे, सगळे टाळ्या वाजवायचे आणि घरी जाऊन मी भावाचं जेवण, आईचं औषध, बाबांचं दार. कॉलेजात गेल्यावर एकदम सगळं सुटलं, वर्षानुवर्षं मी चर्चचं तोंड पाहिलं नाही. देवावर राग होता असंही नाही, मी फक्त दमले होते, आणि विश्वास म्हणजे दमणं एवढंच मला माहीत होतं.

परत कशी आले तर कुठल्या शिबिराने नाही. संघातल्या एका काकू मी चर्चला येत नसताना सुद्धा दर वाढदिवसाला फोन करायच्या, कधी येतेस असं एकदाही विचारलं नाही. त्यांच्यासमोर मी पहिल्यांदा रडले तेव्हा त्या म्हणाल्या आता तू काही करू नकोस, बस. त्यामुळे ताई, तिला कामं देऊ नका. तिला विचारा तुला काय आवडतं, आणि काहीच आवडत नसेल तर तेही ऐकून घ्या.

गिटारबद्दल मात्र माझं मत ठाम आहे, काढून घेऊ नका!! घर गेलं, वडील गेले, आता ही जागाही गेली तर त्याला काय कळेल, की आईबापांच्या भांडणाची शिक्षा आपल्याला झाली. पण वाजवायलाच लावणंही चूक, तोंडाने गायचं आणि आत काहीच नाही हे फार थकवतं. त्यालाच विचारा की तुला वाजवायचंय, नुसतं बसायचंय की काही दिवस सुट्टी हवीये, आणि जागा तुझीच राहील असं स्पष्ट सांगा.

वाचत_असतो
चांगली चर्चा चाललीये. मी थोडं मोठ्या विश्वासाकडे कसं न्यायचं त्याबद्दल लिहितो, कारण त्याचा प्रश्न निव्वळ संकटाचा नाहीये, वयाचाही आहे. जेम्स फाउलर या अमेरिकन धर्मअभ्यासकाने १९८१ मध्ये विश्वासाच्या पायऱ्या मांडल्या, त्यात किशोरवयात विश्वास हा आजूबाजूच्या माणसांकडून घेतलेला असतो, आपली माणसं मानतात म्हणून आपण मानतो, आणि पुढे कधीतरी तो स्वतः तपासून स्वतःचा करावा लागतो. त्याआधी १९६६ मध्ये जेम्स मार्सिया या मानसशास्त्रज्ञाने माणसाची स्वतःची ओळख कशी घडते यावर लिहिलं, की काही मुलं प्रश्न न विचारताच घरचं सगळं स्वीकारून मोकळी होतात आणि काही आधी शोधात अडकतात. बाहेरून पहिली स्थिर दिसतात आणि दुसरी बिघडलेली, पण स्वतःचं म्हणून जे हाताशी येतं ते शोधातूनच येतं. म्हणजे भाऊ वाया चाललाय आणि बहीण पक्की आहे असं समजू नका, तो कदाचित तिच्या पुढे असेल. अर्थात मार्सिया श्रद्धेपुरतं बोलत नव्हता, करिअर, राजकारण सगळंच त्यात होतं, आणि फाउलरच्या पायऱ्या सगळ्यांना तंतोतंत लागू होतात असंही मी म्हणत नाही, पण धीर यायला उपयोग होतो.

अजून एक, व्हर्न बेंगटसन नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७० पासून त्याच त्या कुटुंबांचा पिढ्यानपिढ्या पाठपुरावा केला आणि २०१३ मध्ये श्रद्धा पुढच्या पिढीत कशी जाते त्यावर लिहिलं. आईवडील किती धार्मिक यापेक्षा मुलांना त्यांची माया, विशेषतः वडिलांची, जाणवते का याला त्यात फार वजन आहे. म्हणून या मुलाचा "पप्पा गेले" आणि "देव नाही" हा एकाच वाक्यातला प्रश्न मला अजिबात विचित्र वाटत नाही. "आमच्या स्वर्गातील पित्या" म्हणताना त्याच्या डोळ्यापुढे कोण येत असेल! वडिलांची जागा कोणी भरू शकत नाही, पण विश्वासू, शांत, न उपदेश करणारा एखादा मोठा पुरुष त्याच्या आयुष्यात नियमित असला तर फरक पडतो. बायबलातल्या तरुण तीमथ्याचंच बघा, आजी लोईस आणि आई युनीके यांचा विश्वास त्याच्यात आला, बाप ग्रीक होता एवढाच उल्लेख आहे, आणि मग प्रेषित पौल त्याला मुलगा म्हणतो, सोबत घेऊन फिरतो, काम देतो. वर्गात बसवून नाही, सोबत चालवून.

दृढीकरणाबद्दल, तो "हो" म्हणाला तर ते त्याचं असायला हवं. या वर्षी नको म्हणाला तर पुढच्या वर्षी. पण वर्गात प्रश्न विचारायला बसू दे, नाव घालायचं की नाही ते शेवटी ठरवेल.

तरुणसंघ_ताई
सगळ्यांचे मनापासून आभार, मी दोनतीनदा वाचलं. काल त्याच्याशी बोलले, मागे आमची दुसरी लीडर होती. जिवाबद्दल थेट विचारलं, म्हणाला तसं काही नाही, फक्त झोप येत नाही. आईला त्याच्यासमोरच सांगितलं की झोपेसाठी डॉक्टरांना दाखवा. गिटार त्याला वाजवायचीये पण मागे उभं राहून. ८८ वं स्तोत्र वाचून बराच वेळ गप्प होता मग म्हणाला हे माहीतच नव्हतं. बहिणीसाठी एक मावशी आईकडे जायला तयार झाल्यात.

एक अडलंय. त्याने विचारलं की पप्पा परत यावेत म्हणून प्रार्थना चालू ठेवू का बंद करू. चालू ठेवली आणि ते आलेच नाहीत तर? आणि वर्गाचं लांबवायचं झालं तर पाळकसाहेबांना ते कोणी सांगायचं, मी की आई?

जुना_सेवक
अटकेच्या रात्री गेथशेमानेत प्रभू येशूने हा दुःखाचा प्याला टळो म्हणून तेच शब्द बोलून तिसऱ्यांदा प्रार्थना केली असं मत्तयाने लिहिलंय, आणि प्याला टळला नाही. तेव्हा मागितलेलं न मिळणं म्हणजे प्रार्थना खोटी होती किंवा मागणारा कमी पडला असं नाही, हे त्याला येशूच्या तोंडून कळू दे, आपल्या तोंडून नको. वडील स्वतःचे निर्णय घेणारे मोठे माणूस आहेत, देव त्यांना ओढून आणणार नाही, आणि मुलाच्या उपासाने ते बांधले जात नाहीत, हेही आता हळूच सांगायला हरकत नाही, कारण त्याच्या डोक्यावरचं ते ओझं काढायलाच हवं. चालू ठेवायची की नाही ते त्याने ठरवावं. मागणं बदललं तरी चालेल, पप्पा परत येवोत ऐवजी पप्पांशी मला नीट बोलता येवो, किंवा नुसतं आज झोप लागो. आणि ज्या दिवशी काहीच म्हणवत नाही त्या दिवशी त्याने म्हणू नये, तुम्ही म्हणा त्याच्यासाठी. पक्षाघात झालेल्या माणसाला चौघांनी छप्पर उघडून खाली सोडलं तेव्हा येशूने त्या मित्रांचाही विश्वास पाहिला, मार्क २ वाचा.

वडिलांनाही मंडळीतल्या कोणीतरी भेटायला हवं, पण निरोप मुलाच्या हाती देऊ नका, आईनेही देऊ नये.

वर्गाचं त्यानेच सांगावं. तुम्ही सोबत जा, दाराशी थांबा, बोलू दे त्याला. पाळकसाहेबांना आधी एवढंच सांगून ठेवा की तो येईल तेव्हा समजवायला बसू नका, ऐकून घ्या.