अभियोग मंजुरी मुदतीत आली नाही, तर ती मिळाली असे धरावे का?

वाटसरू:
लाच घेताना कर्मचारी पकडला जातो, बातमी येते, निलंबन होते. खटला मात्र अडतो. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा, १९८८ च्या कलम १९ नुसार सक्षम अधिकाऱ्याच्या मंजुरीशिवाय कोर्ट दखलच घेऊ शकत नाही. २०१८ च्या दुरुस्तीने निर्णयाला तीन महिने दिले, कायदेशीर सल्ला हवा असेल तर आणखी एक. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही मुदत बंधनकारक ठरवली. पण ती उलटली तर पुढे काय, यावर कायदा गप्प आहे. माझे मत स्पष्ट आहे: चार महिने झाले की मंजुरी मिळाली असे धरा.

तळटीप:
अजिबात पटत नाही. निविदा हरलेला ठेकेदार सूड म्हणून तक्रार करतो, हे घडते. कोणी कागद न वाचता माणूस आरोपी ठरणार असेल, तर प्रामाणिक अधिकारी सही करायलाच धजणार नाही.

वाटसरू:
निविदेचे समजू शकतो. पण सातबाऱ्यावरच्या नोंदीसाठी पैसे घेणाऱ्याचे काय? पंचांसमोर नोटा घेतल्या, नोटांना लावलेली पावडर हाताला लागली, हात धुतल्यावर तपासणीचे द्रावण गुलाबी झाले. यात कुठला प्रशासकीय निर्णय आला? अधिकाऱ्याच्या निर्णयांची चौकशी सुरू करण्याआधी कलम १७अ ची पूर्वपरवानगी लागते; जागेवर पकडलेल्याला ती लागत नाही, म्हणजे कायद्यानेच हा फरक मानला आहे. कलम १९ मध्येही तो करा.

ओसरी:
अहो, मंजुरी मिळाल्यावरचे हाल कोणी बघणार आहे का? खटला दोन वर्षांत संपवायचा प्रयत्न करावा, असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात तो इतका लांबतो की तक्रारदार फितूर होतो. त्याला तरी किती दोष द्यायचा? त्याचे पुढचे काम त्याच कचेरीत असते. नीरज दत्ता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितले की तक्रारदार फितूर झाला किंवा वारला तरी परिस्थितीजन्य पुराव्यावरून लाचेची मागणी सिद्ध करता येते. त्यासाठी सापळ्याआधीची पडताळणी आणि रेकॉर्डिंग चोख हवे. माझ्या लेखी आधी तपास सुधारा, मंजुरीचा प्रश्न नंतर.

तळटीप:
ओसरींशी सहमत. वाटसरू, सापळ्याच्या प्रकरणांत घाई करा, पण आपोआप मंजुरी नको. उशीर करणाऱ्याला जबाबदार धरा. तुम्ही सांगितलेल्या निकालातही तेच आहे.

वाटसरू:
धरणार कोण? ज्याला नोकरीतून काढायचा अधिकार, मंजुरीही त्याच्याच हातात. फाइल त्याच्याच खात्यात पडून असते. तक्रारदाराने तिच्यासाठी स्वतःच्या खर्चाने हायकोर्टात जायचे का?