ग्रिड कोसळून दहा-बारा तास वीज नसेल, तर इमारतीनं काय तयारी ठेवावी?

जिन्यातला_फळा (प्रश्न)

नऊ मजले, ५४ बिऱ्हाडं, दोन लिफ्ट. पाणी तळटाकीतून मोटरनं गच्चीवरच्या २०,००० लिटरच्या टाकीत चढतं. तासभर लाइट गेली तर कुणाचं काही अडत नाही. पण सगळ्या प्रदेशाची ग्रिड (वीज वाहून नेणारं जाळं) बसली आणि दिवसभर वीज आली नाही तर काय करायचं, याचं एक पानी पत्रक जिन्यात लावायचं आहे. तीन ठिकाणी अडलं आहे.

बिघाड आपल्यापुरता आहे की मोठा, हे लवकर कसं ओळखायचं? घराघरांतल्या १५० एएचच्या (अँपिअर-अवर, बॅटरीची क्षमता) इन्व्हर्टर बॅटरीवर किती भिस्त ठेवायची? आणि लोक घाबरून जे करतात, त्यातलं आधी काय थांबवायचं? एक आजोबा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारं विजेवरचं यंत्र) आहेत, त्यांचंही बघायचं आहे. मेणबत्ती-काडेपेटीच्या पुढचं सांगा.

उपकेंद्र_११

आधी घरातला एमसीबी आणि आरसीसीबी (बिघाड झाला की आपोआप पडणारे स्विच) पाहा, मग शेजारच्यांचं, मग रस्त्यावरचे दिवे. इथवर सगळंच बंद असेल तर तीस-चाळीस किलोमीटरवरच्या ओळखीच्या माणसाला एकच मेसेज टाका: "तुमच्याकडे लाइट आहे का, कधी गेली?" दोन लांबच्या गावांत एकाच मिनिटाला वीज गेली असेल तर तो ट्रान्सफॉर्मरचा बिघाड नव्हे. त्यानंतर सेलवरचा रेडिओ लावा. २८ एप्रिल २०२५ ला दुपारी १२:३३ ला स्पेन आणि पोर्तुगाल अंधारात गेले, तेव्हा दुकानांतले सेलवरचे रेडिओ बघता बघता संपले. सायबर हल्ल्याची अफवाही लगेच पसरली. पुढे तपासात कारण निघालं ते ओव्हरव्होल्टेजचं (व्होल्टेज प्रमाणाबाहेर चढल्याचं), एकामागून एक वीजकेंद्रं ग्रिडपासून सुटत गेल्याचं.

वेळ का लागतो, हेही पत्रकात दोन ओळींत लिहा. कारण कळलं की माणसं दर पाच मिनिटांनी फोन लावत बसत नाहीत. बंद पडलेल्या मोठ्या औष्णिक केंद्राला पुन्हा सुरू व्हायलाच बाहेरून वीज लागते: पंप, पंखे, कोळशाच्या गिरण्या, सगळं विजेवर. म्हणून आधी स्वतःच्या बळावर उठणारी जलविद्युत किंवा गॅसची केंद्रं सुरू करतात, त्यांच्या वीजेवर पुढची केंद्रं उठवतात, थोडा थोडा भार जोडतात, आणि तयार झालेले तुकडे वारंवारता जुळवून एकमेकांना जोडतात. घाई केली की सगळं पुन्हा खाली. १४ ऑगस्ट २००३ ला अमेरिका-कॅनडातल्या सुमारे ५ कोटी लोकांची वीज गेली, आणि अमेरिकेच्या काही भागांत ती यायला चार दिवस लागले.

आता पहिली गोष्ट पाण्याची. पहिल्या अर्ध्या तासात प्रत्येक घर बादल्या, पिंप, पातेली भरायला घेतं. घरटी १५० लिटर धरा, ५४ घरांचे ८,१०० लिटर झाले. टाकीतलं चाळीस टक्के पाणी कुणी न वापरताच खाली उतरलं, आणि ज्यांच्या घरी तेव्हा कुणी नव्हतं त्यांना संध्याकाळी नळ कोरडा. म्हणून वीज गेल्यावर तासाभरात खबर पक्की झाली की गच्चीवरच्या टाकीचा आउटलेट व्हॉल्व्ह बंद करा. सकाळी आणि संध्याकाळी अर्धा अर्धा तास सोडा, आणि वेळा जिन्यात लिहा. व्हॉल्व्ह कुठला, कुठल्या बाजूला फिरतो, याचा फोटो छापून पत्रकात लावा. वर्षभर न फिरवलेला व्हॉल्व्ह ऐन वेळी जाम असतो, तो महिन्यातून एकदा फिरवून ठेवा. पिण्यासाठी माणशी रोज ४ लिटर वेगळे, झाकून. फ्लशची टाकी एका वेळी ६ ते ९ लिटर खाते. तिचा नळ बंद करून वापरलेलं पाणी अर्धी बादली जोरात ओतलं तरी काम होतं. आग विझवायच्या टाकीला हात लावायचा नाही.

डिस्टिल्ड_वॉटर

बॅटरीचा हिशोब. १२ व्होल्ट गुणिले १५० एएच म्हणजे १,८०० वॉटअवर, पण हे कागदावर. बॅटरीतली ८० टक्क्यांहून जास्त वीज काढू नये आणि इन्व्हर्टरमध्येही काही जातं. हाती सुमारे १,२०० वॉटअवर उरतात, तेही बॅटरी नवी असेल तर. तीन-चार वर्षं जुनी असेल तर दोन तृतीयांश धरा.

दोन एलईडी दिवे (१८ वॉट), एक साधा छताचा पंखा (७५ वॉट), राउटर (१२ वॉट) मिळून १०५ वॉट. साधारण ११ तास. त्यातला पंखा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) असेल (३० वॉट) तर भार ६० वर येतो आणि २० तास निघतात. उलट दोन साधे पंखे आणि टीव्ही लावला की भार २६० च्या घरात जातो, आणि तेव्हा हिशोबानं साडेचार तास यायला हवेत तिथे चारच मिळतात. १५० एएच हा आकडा वीस तासांत सावकाश उतरवलेल्या बॅटरीचा आहे. जास्त करंट ओढला की तीच बॅटरी कमी देते.

चुकतं ते इथे: नेहमी लाइट तासाभरात येते, म्हणून पहिल्या तासात सगळं चालू राहतं. मोठ्या बिघाडात ती बॅटरी पुन्हा चार्ज होणार नाही, जे आहे ते एकदाच. म्हणून खबर पक्की झाली त्याच क्षणी टीव्ही बंद. दिवसा काहीच लागत नसेल तर इन्व्हर्टरही बंद करा. नुसता चालू राहिला तरी तो १०-१५ वॉट खातो, बारा तासांत दीडशे वॉटअवर.

पॉवर बँकचंही तसंच. १०,००० एमएएच म्हणजे ३७ वॉटअवर, हाती तीसेक. ५,००० एमएएचचा फोन त्यावर दीड वेळा भरतो. मोबाइल टॉवरच्या बॅटऱ्या काही तासांतच संपतात, मग फोन सिग्नल शोधत राहून स्वतःच उतरतो. एअरप्लेन मोडवर ठेवा, दर तासाला दहा मिनिटं उघडा. कॉलपेक्षा एसएमएस लवकर जातो.

चेंजओव्हर

टाकीसाठी जनरेटर आणू म्हणणारे निघतीलच, त्यांच्यासाठी. पाच एचपीची मोटर चालताना साधारण ४ किलोवॉट घेते, पण थेट स्टार्टरवर सुरू होताना सहापट करंट ओढते. ५ केव्हीए क्षमतेचा जनरेटर सेट तिथेच दम तोडतो. १२-१५ केव्हीए हवा, किंवा सॉफ्ट स्टार्टर (मोटर हळूहळू सुरू करणारा). जोडणी फक्त चेंजओव्हर स्विचमधून (एका वेळी ग्रिड किंवा जनरेटर, एकच जोडणारा स्विच). दोन्ही टोकांना पिन असलेली वायर सॉकेटमध्ये खुपसून घर चालवणं म्हणजे लाइनवर काम करणाऱ्याचा जीव घेणं: तुमचे २३० व्होल्ट ट्रान्सफॉर्मरमधून उलटे जाऊन ११ केव्हीच्या (११,००० व्होल्टच्या) तारेवर उभे राहतात.

सेट मोकळ्या जागी, खिडक्या-दारांपासून किमान ६ मीटर लांब. तळमजल्याच्या पार्किंगमध्ये नको, जिन्याखाली नको. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही. डोकं दुखून झोप येते आणि माणूस तिथेच राहतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासमध्ये वीज गेल्यावर घरात जनरेटर, शेगड्या, गाड्या चालू ठेवल्यानं माणसं दगावली. घरात शेगडी पेटवून ऊब घेणंही याच यादीत लिहा.

रात्रपाळी_परिचारिका

आजोबांचं पत्रकावर सोडू नका, आजच करा. मिनिटाला ५ लिटर देणारा कॉन्सन्ट्रेटर साधारण ३५० वॉट घेतो. वरच्या हिशोबानं नवीकोरी बॅटरीही त्याला सव्वातीन तास जेमतेम पुरेल, आणि साध्या स्क्वेअर वेव्ह (ओबडधोबड लहरींची वीज देणाऱ्या) इन्व्हर्टरवर कॉम्प्रेसर नीट चालत नाही. म्हणून सिलिंडर हवाच. १,५०० लिटर ऑक्सिजनचा भरलेला सिलिंडर मिनिटाला २ लिटरवर साडेबारा तास चालतो, ४ लिटरवर सव्वासहा. रेग्युलेटर, पाना आणि नळी सिलिंडरलाच बांधून ठेवा. सिलिंडर असतो आणि पाना सापडत नाही, हे नेहमीचं. जोडणी घरातल्या दोघांना यायला हवी. मेणबत्ती त्या खोलीत अजिबात नको.

वापरात असलेलं इन्सुलिन बहुतेक प्रकारांत ३० अंशांखाली सुमारे चार आठवडे टिकतं, आपल्या पेनाचं पत्रक बघा. न उघडलेलं फ्रिजमध्येच राहू द्या आणि दार उघडू नका. बंद फ्रिज चार तास गार राहतो, भरलेला फ्रीझर ४८ तास, अर्धा भरलेला २४. आत्ताच एका वाटीत पाणी गोठवून वर नाणं ठेवा. नंतर नाणं तळाशी दिसलं तर मधे सगळं वितळलं होतं.

घाबरण्याबद्दल: लोक सैरभैर होतात हा समज खरा नाही. २००३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये हजारो माणसं पूल ओलांडून शांतपणे चालत घरी गेली, काहींनी चौकात उभं राहून वाहतूक सांभाळली. त्याच शहरात १९७७ मध्ये लुटालूट झाली, हेही खरं. नुकसान बहुधा शहाण्या वाटणाऱ्या गोष्टींतून होतं: सगळे एकदम पेट्रोल पंपावर, सगळे एकदम रस्त्यावर. पंपालाही वीज लागते, सिग्नल बंद असतात. मुलं शाळेत सुरक्षित असतील तर तिथेच राहू द्या. सुटी रोकड घरात असू द्या. लिफ्टमध्ये कुणी अडकलं तर दार उचकटू नका, बोलत राहा आणि लिफ्टवाल्यांना बोलवा. मजल्यागणिक एकानं दर तीन तासांनी एकट्या म्हाताऱ्या माणसांची दारं वाजवायची. नावं आजच लिहून घ्या.

जिन्यातला_फळा

व्हॉल्व्हचा मुद्दा डोक्यातच आला नव्हता. सिलिंडरचं आजच बोलतो. लाइट आल्यावर सगळं लगेच लावायला हरकत नाही ना?

उपकेंद्र_११

आहे, मोठी आहे. बंद पडलेले सगळे फ्रिज, एसी, पंप एकाच क्षणी सुरू झाले की भार नेहमीच्या दुपटीवर जाऊ शकतो आणि फीडर (उपकेंद्रातून आपल्या भागात येणारी वीजवाहिनी) पुन्हा ट्रिप होतो. म्हणून वीज गेल्यावरच एसी, गिझर, फ्रिज, टीव्ही यांची बटणं बंद करायची, फक्त एक दिवा चालू ठेवायचा, म्हणजे लाइट आल्याचं कळेल. आल्यावर पंधरा-वीस मिनिटं थांबा. दिवा एकदम प्रखर किंवा मंद होत असेल तर अजून थांबा, व्होल्टेज स्थिर नाही.

मग आधी पाण्याची मोटर, बरोबर इन्व्हर्टर आणि फोनचं चार्जिंग. फ्रिज त्यानंतर, एसी सगळ्यात शेवटी. या क्रमाला कारण आहे: ३० जुलै २०१२ ला उत्तर ग्रिड कोसळली, वीज आली, आणि ३१ जुलैला दुपारी उत्तर, पूर्व, ईशान्य अशा तीन ग्रिड एकदम गेल्या. मधल्या वेळेत ज्यांच्या टाक्या आणि बॅटऱ्या भरल्या त्यांचा दुसरा दिवस निभावला असणार. तुमची २०,००० लिटरची टाकी भरायला मोटरला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजा आणि तो आकडा पत्रकात सगळ्यात वर लिहा.